खांबावरच्या खुणा

तळघरातल्या जिमच्या मधोमध एक खांब होता. वरच्या टायरच्या दुकानाचा सगळा भार त्याच्यावर. त्या खांबावर साडेचार फुटांपासून पेन्सिलीच्या रेघा सुरू व्हायच्या आणि पावणेसहा फुटांपर्यंत चढत जायच्या. प्रत्येक रेघेशेजारी तारीख. नाव नाही. नावाच्या जागी एक लहानसं चित्र. कात्री म्हणजे शिंप्याची मुलगी. बूट म्हणजे बूटवाल्याचे जुळे. चष्मा म्हणजे चष्मा लावणारा एक लाजाळू मुलगा, जो दोन वर्षांत चार वाक्यं बोलला होता.

दर महिन्याच्या एक तारखेला जिममध्ये शिकवणारा मामा अठराच्या आतल्या सगळ्यांना रांगेत उभं करायचा. टाचा खांबाला. हनुवटी सरळ. केस दाबून, डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरून रेघ. बहुतेकांच्या डोक्यावरची पट्टी त्याला खालून नीट दिसायची नाही. मग तो बेंचवर चढायचा.

मामाची उंची पाच फुटाला दोन बोटं कमी.

तो खराखुरा मामा एकीचाच होता. ती लहान असताना घरचा निरोप घेऊन यायची आणि जिन्यावरूनच हाक मारायची, मामा. ती हाक सगळ्या जिमने उचलली. "लोक दुसऱ्याला मामा बनवतात," जिमचा मालक म्हणायचा, "हा आमच्याकडे आयताच बनून आला." मामा हसायचा. बुटक्या माणसाने स्वतःवरच्या विनोदाला सगळ्यांच्या आधी हसायचं असतं. म्हणजे तो लवकर संपतो.

लहानांसाठी त्याचा नियम ठरलेला. पहिले तीन महिने लोखंडाला हात लावायचा नाही. हातात काठी. फरशी पुसायच्या दांड्या त्याने मापाने कापून, टोकं घासून कोपऱ्यात उभ्या केल्या होत्या. काठी खांद्यावर घेऊन बसायचं, उठायचं. काठी डोक्यावर न्यायची, खाली आणायची.

"मामा, आम्ही काय झाडलोट करायला आलोय?" जुळ्यांपैकी एक विचारायचा.

"ज्याला काठी पेलत नाही त्याला लोखंड काय पेलणार? पाय बघ आधी. पाय कुठे आहेत तुझे?"

"इथेच आहेत. घरी ठेवून नाही आलो."

"मग खांद्याएवढे लांब ठेव. आधी पाय. हात मागून येतात."

तीन महिन्यांनी रिकामा रॉड. मग दोन्ही बाजूंना बिस्किटाएवढ्या प्लेटा. दहा वेळा सहज उचलेल तेवढंच वजन. तोंड वाकडं झालं की कमी. कोण जास्त उचलतो अशी पैज लावली की दोघंही त्या दिवशी घरी.

हे त्याने मनाने ठरवलं नव्हतं. हाडांचे एक डॉक्टर सकाळी सहाला जिममध्ये यायचे. मामाने त्यांना एकदा पाणी पिता पिता विचारलं, "वजन उचललं की मुलांची उंची खुंटते का हो?"

"वजनाने नाही खुंटत," डॉक्टर घाम पुसत म्हणाले. "हाडांच्या टोकांना वाढीची जागा असते. मुलांमध्ये ती नाजूक असते. तिला भीती कशाची? आपटण्याची, हिसक्याची, झेपत नाही ते उचलण्याची. नीट शिकवलं, कोणी जाणतं शेजारी उभं राहिलं, तर उलट हाडं घट्टच होतात. माझ्याकडे मोडकी मुलं येतात ती मैदानावरून, सायकलवरून. का विचारलंत?"

"सहज."

सहज नव्हतं.

मामा बारा वर्षांचा असताना सुट्टीत वडिलांबरोबर गोदामात जायचा. वडील ट्रकमध्ये खोकी चढवायचे, हा लहान खोकी उचलून त्यांच्या हातात द्यायचा. पुढे त्याची उंची थांबली. आई म्हणाली, पोर ओझ्याखाली दबलं. मग मरेपर्यंत ती तेच म्हणत राहिली आणि वडील मान खाली घालून ऐकत राहिले. वडील स्वतः जेमतेम पाच फूट. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे घरात कोणाला सुचलं नाही. सुचलं असतं तर म्हणाले असते, तेही ओझ्याखालीच दबले. त्याच सुमारास मामा पोटाच्या आजाराने वर्षभर अंथरुणात होता. तेही सगळे विसरले. आजाराला दोष देऊन काही मिळत नाही. बापाला देता येतो. बाप समोर बसलेला असतो.

म्हणून हा खांब. मुलांचे बाप चौकशीला आले की मामा त्यांना खांबापाशी न्यायचा. "ही कात्री बघा. तीन वर्षांत कुठून कुठे गेली." बाप खांबाकडे बघायचे. मग मामाकडे बघायचे. आणि मामाकडेच जास्त वेळ बघायचे. काही जण जिन्यावरूनच परत जायचे. तरी चौदा मुलं टिकली होती. चौदाही वाढत होती.

जिमपासून दोन गल्ल्यांवर त्याच्या ताईचं लाँड्रीचं दुकान होतं. वर घर, त्याच्यावर गच्ची. ताई त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आईमागे तिनेच त्याला सांभाळलं होतं आणि हे ती त्याला विसरू देत नसे. घरातली कुठलीही गोष्ट त्याला विचारायची नाही, झाल्यावर कळवायची, असा तिचा शिरस्ता. त्याच्यासाठी सांगून आलेल्या मुलीलाही तिनेच परस्पर नाही म्हटलं होतं. त्याला कळवलं, ते चार दिवसांनी.

ताईची मुलगी चौदा वर्षांची. शाळेत गोळा फेकायची. मामाने तिचं नाव तोफ ठेवलं होतं. त्या वर्षी स्पर्धेत तोफेचा चौथा नंबर आला. तिसऱ्या आलेल्या मुलीच्या गोळ्यात आणि तिच्या गोळ्यात वीतभर अंतर. शाळेतले सर म्हणाले, फेकतेस छान, ताकद कमी पडते.

एका रविवारी दुपारी मामा कपडे द्यायला दुकानात गेला. तोफ काउंटरवर चढून बसली होती. ताई एका शर्टाच्या कॉलरवर इस्त्री दाबत होती.

"मामा, मला घे ना जिममध्ये. अगदी काठीपासून. मला चालेल."

"खाली उतर आधी," ताई म्हणाली. "घड्या मोडशील."

"मामा, सांग ना."

"त्याला काय विचारतेस? मला विचार. नाही."

"पण का?"

ताईने इस्त्री उभी केली आणि भावाकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"का म्हणे. घरात पुरावा उभा आहे आणि ही विचारते का."

"बूटवाल्याचे जुळे बघ," तोफ म्हणाली. "दारातून वाकून जातात आता."

"ती बूटवाल्याची पोरं आहेत. त्याची त्याला लखलाभ. उद्या तू अशी राहिलीस तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. म्हणतील, घरात एक बघितला, तरी बाईला अक्कल आली नाही." मग ती भावाकडे वळली. तिचा आवाज बदलला. "तूच सांग रे तिला. तुला कळतं त्यातलं."

तुला कळतं. चाळिशी उलटली होती, पण हे शब्द मामाने या घरात कधी ऐकले नव्हते.

खरं उत्तर त्याच्या तोंडात तयार होतं. बापांना तो रोज तेच द्यायचा. पण त्याला वाटलं, ही पोर बोटभर जरी कमी भरली, तरी ताई आपल्याकडे जन्मभर तशी बघेल, जशी आई वडिलांकडे बघायची. ही झाली भीती. भीतीचं एक वेळ समजू शकतं. पण तिच्या बरोबरीने दुसरंही काहीतरी होतं. कोणीतरी आपलं मत विचारलं होतं, आणि विचारणारीला कुठलं उत्तर हवंय ते स्पष्ट दिसत होतं.

"अठराची हो," मामा म्हणाला. "हाडं वाढताहेत तोवर वजन नको. मग मीच शिकवीन."

"ऐकलंस?" ताई म्हणाली. त्या दिवशी चहाचा पहिला कप मामाला मिळाला.

तोफ काउंटरवरून उतरली. "मग कात्री कशी उचलते? ती माझ्याच वर्गात आहे."

"तिचं वेगळं."

"म्हणजे तिची हाडं वेगळी?"

"तिच्या घरच्यांना चालतं."

"मी हाडांचं विचारलं, मामा."

मामाने चहात बघितलं. चहा चांगला होता.

जिमला रस्त्याच्या पातळीवर एक जाळीची खिडकी होती. बाहेरून ओणवं झालं की आतली माणसं कमरेपर्यंत दिसायची. त्याखाली बेंचांची रांग आड यायची. तोफ शाळेतून येताना त्या खिडकीशी बसू लागली. मामाला जाळीपलीकडे शाळेचे काळे बूट दिसायचे. तो ओळखायचा. बघू दे, म्हणायचा मनात, बघण्याने काय होतंय.

तिला कात्रीचे हात दिसत होते. खांदे दिसत होते. रॉड डोक्यावर जाताना कोपरं कशी फिरतात ते तिने पाठ केलं. पाय तिला कधीच दिसले नाहीत.

लाँड्रीच्या गच्चीवर चादरी वाळत घालायचा एक जादा लोखंडी पाइप पडून होता. रंगाचे दोन रिकामे डबे होते. शेजारच्या बांधकामावरचं सिमेंट तिने पिशवीतून थोडं थोडं आणलं. अंदाजाने डबे भरले आणि पाइपची टोकं त्यांत रोवून ठेवली. अंदाज तो अंदाजच. एक डबा दुसऱ्यापेक्षा जड झाला. दोन महिने ती रोज संध्याकाळी ओल्या चादरींच्या आड ते उचलत होती. खाली ताई इस्त्री करत होती. एवढ्या चादरी वाळत असताना पलीकडे काय चाललंय ते कोणाला दिसणार?

ज्या दिवशी तिने ते पहिल्यांदा डोक्यावर नेलं, त्या दिवशी जड बाजूने पाइप कलला. पाय जवळजवळ होते. तोल सावरायला जागाच नव्हती. ती मागे पडली, उजवं मनगट खाली आणि त्याच्यावर डबा.

हॉस्पिटलमध्ये तेच डॉक्टर होते. एक्स-रेचा फोटो उजेडाकडे धरून त्यांनी ताईला दाखवला. मनगटाजवळ हाडाचं वाढीचं टोक चेपलं होतं. "सहा आठवडे प्लास्टर. हे हाड पुढे नीट वाढेल, कदाचित थोडं मागेही राहील. दर काही महिन्यांनी बघत राहू. प्लास्टर निघालं की मात्र व्यायाम लागेल. आधी नुसता हात हलवायचा, मग हळूहळू वजन. अर्ध्या किलोपासून."

"वजन?" ताई म्हणाली. "वजनानेच झालं ना हे?"

"वजनाने नाही, बाई. एकटीने, न शिकता, वाकडंतिकडं उचलल्याने झालं. नीट माणसाच्या नजरेखाली काही होत नाही. आणि तुमच्या तर घरातच..."

"घरातच आहे, म्हणून तर सांगते. माझा भाऊ वीस वर्षं लोखंडात आहे. तो म्हणालाच होता, अठराच्या आत नको. मी ऐकलं. हिने नाही ऐकलं. तुम्हाला हाडं कळतात डॉक्टर, वजन त्याला कळतं."

डॉक्टरांनी मामाकडे बघितलं. "तुम्ही असं म्हणालात?"

खोलीत पलंगाच्या चाकाचा आवाज आला. तोफ उशीवर मान वळवून बघत होती.

"हो," मामा म्हणाला.

डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला. दुसऱ्या दिवसापासून ते जिममध्ये कोपऱ्यातल्या सायकलवर बसू लागले. मामाशी नमस्कारापुरतं बोलायचे.

गावभर बातमी करायचं काम ताईने मनापासून केलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला शर्टाबरोबर ती हकिगत मिळायची. आणि शेवटी, माझा भाऊ आधीच म्हणाला होता. भावाबद्दल ती पहिल्यांदाच अभिमानाने बोलत होती. आठवड्याभरात शिंपी जिमचा जिना उतरला. गळ्यात टेप तशीच.

"मामा, एक विचारू? स्वतःच्या भाचीला तुम्ही नको म्हणालात."

"म्हणालो."

"आणि माझ्या पोरीच्या हातात लोखंड दिलंत. म्हणजे आपलं ते पोर, लोकांचं ते खेळणं?"

"तसं नाही. तुमची मुलगी वाढली. खांबावर बघा..."

"खांबाचं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही घरी सांगितलंत. इथे सांगता तो धंदा." शिंपी चिडला नव्हता. मापात चूक सापडल्यासारखं बोलत होता. "मी तुमच्यावर विश्वास टाकला. तुमच्याकडे बघूनसुद्धा टाकला."

कात्री गेली. मग जुळे गेले. चष्मा सगळ्यात शेवटी गेला. जाताना त्याने आपली काठी पुसून कोपऱ्यात नीट उभी केली. महिन्याभरात चौदा काठ्या कोपऱ्यात. "आता फरशी पुसायला घे," मालक म्हणाला. या वेळी मामाला आधी हसायला जमलं नाही.

तोफेचं प्लास्टर निघालं. मनगट अर्ध्यावर अडत होतं. मामाने अर्ध्या किलोचं डंबेल आणलं आणि कपड्यांच्या पिशवीत, आपल्या शर्टांच्या खाली घालून दुकानात दिलं. तोफेला खुणेने सांगितलं. शनिवारी कपडे परत आले. कडक घड्या, आणि दोन शर्टांच्या मध्ये कागदात गुंडाळलेलं डंबेल. कागदाच्याही घड्या नीट घातलेल्या.

तो तसाच दुकानात गेला.

"ताई, मी खोटं बोललो."

"कधी?"

"त्या रविवारी. वजनाने उंची खुंटत नाही. मला माहीत होतं. मी चौदा पोरांना शिकवत होतो."

"शिकवत होतास. आता आहे का एक तरी?"

"मी तेव्हा हो म्हणालो असतो तर ती माझ्यासमोर काठी घेऊन उभी असती. डबे भरले नसते तिने. हात माझ्यामुळे मोडला."

ताईची इस्त्री थांबली नाही. "पोरीने रडून तुला पाघळवलं."

"ती रडली नाही."

"मग डॉक्टरांनी कान भरले."

"ताई, माझी उंची त्या आजारात गेली. आणि बाबा तरी कुठे उंच होते?"

"मला सांगतोस? मी या डोळ्यांनी तुला खोकी उचलताना बघितलंय." तिने शर्ट उलटा केला. आवाज मऊ झाला, आणि तेच वाईट होतं. "जन्मात एकदा शहाण्यासारखं बोललास. ते तरी राहू दे तुझ्या नावावर."

तोफ मागे बसून डाव्या हाताने टॉवेलांच्या घड्या करत होती. "मामा," ती म्हणाली, "या घरात पहिल्यांदा कोणी तुझं ऐकलं. आता शब्द परत मागतोस? आई देणार नाही."

डॉक्टरांच्या कागदावर व्यायाम लिहिलेला होता. तो कागद दुकानात खिळ्याला अडकवलेला होता. त्याच्यावर हळूहळू पावत्या चढत गेल्या.

वर्षभरात तोफ ताडमाड वाढली. तिच्या वडिलांच्या घरात सगळे उंच. तीही त्यांच्यावर गेली. पण ताई गिऱ्हाइकांना सांगायची, "वजनाचं खूळ सुटलं आणि बघा, कशी सुटली पोरगी. वेळेवर मामाने सांगितलं म्हणून." गिऱ्हाइकं तोफेकडे बघायची, मग दारात उभ्या असलेल्या मामाकडे बघायची, आणि पटल्यासारखी मान हलवायची. मामाला इतका मान आयुष्यात मिळाला नव्हता. दोन-तीन आयांनी तर आपली मुलं त्याच्यासमोर आणून उभी केली. मामा, तुम्हीच सांगा याला, आमचं ऐकत नाही.

एक तारखेला तोफ जिमचा जिना उतरली. खांबावर वर्षभरात नवी रेघ पडली नव्हती. जुन्या रेघा हातांच्या घामाने पुसट झाल्या होत्या.

"माझी मार," ती म्हणाली आणि खांबाला पाठ लावून उभी राहिली. टाचा टेकवून, पाय खांद्याएवढे लांब.

"उंचीला पाय जवळ लागतात," मामा म्हणाला.

"असं होय." तिने पाय जवळ घेतले.

मामा बेंचवर चढला. पट्टी ठेवली, रेघ मारली, तारीख घातली. शेजारी एक लहानशी तोफ काढली. दोन चाकं, एक नळी. बरी जमली.

मग ती वळली. खांबाकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर ताणले. तळवे खांबावर टेकवले. डावा हात जिथे पोचला त्याच्या अर्धं बोट खाली उजवा थांबला. मनगट अजूनही पुरतं सरळ होत नव्हतं. गोळा फेकणं तिने केव्हाच सोडलं होतं.

"इथे पण मार. दोन्हीकडे."

मामाने दोन रेघा मारल्या. एक वर, एक खाली. पेन्सिल हातात धरून तो बेंचवर तसाच उभा राहिला. त्या दिवशी तो तिच्यापेक्षा उंच दिसत होता.

"तारीख आजचीच घालू?"

"वरच्या रेघेला आजची घाल," तोफ म्हणाली. "खालच्या रेघेला त्या रविवारची."

मामाला ती तारीख पाठ होती.